‘दोघं एकच अन्न खातो, मग वजन तिचंच का वाढतं?’

पत्राचा सारांश: ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहणाऱ्या ४५ वर्षांच्या गृहस्थांचं हे पत्र आहे. पत्नी ४१ वर्षांची, वाशीला खासगी नोकरीत. उंची ५ फूट २ इंच. लग्नात वजन ५२ किलो होतं, आता ७९ आहे. एका डाएट प्लॅनवर तीन महिन्यांत ९ किलो उतरलं आणि पुढच्या वर्षभरात ११ किलो परत चढलं. गुडघे दुखतात, घोरणं वाढलंय, ट्रेनमध्ये आणि ऑफिसातही डोळा लागतो, पाळी अनियमित झालीय. शेवटच्या तपासणीत एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी) ६.१ आलं. ते लिहितात : “घरात दोघं एकच अन्न खातो. माझी उंची ५ फूट ७ इंच, वजन ६९. थोडं पोट सुटलंय, पँट ३८ची लागते, बाकी ठणठणीत. माझ्या वडिलांना मधुमेह होता, ५८व्या वर्षी बायपास झाली, तरी मी व्यवस्थित आहे. म्हणजे दोष अन्नात नाही, तिच्या निश्चयात आहे. समजावून झालं, रागावून झालं, लग्नाचे फोटो दाखवून झालं. आता ती म्हणते, या विषयावर माझ्याशी बोलू नकोस. बारा वर्षांची मुलगी मात्र हल्ली रात्री पोळी नको म्हणते, निदान ती तरी जागरूक झाली. मित्र इंजेक्शन घ्या म्हणतो. जिमचं वर्षाचं पॅकेज भरू की इंजेक्शन सुरू करू? तिचा निश्चय पक्का कसा करू?”

नमस्कार.

तुमच्या पत्रातली काळजी खरी आहे. बायकोच्या तब्येतीच्या इतक्या बारीक नोंदी ठेवणारे नवरे थोडेच असतात. पण त्याच नोंदी वाचून मला निश्चयाची कमतरता कुठे दिसली नाही. नोकरी, घर, दोन वेळचा स्वयंपाक सांभाळून तीन महिन्यांत नऊ किलो उतरवलेल्या बाईकडे निश्चय नाही, असं कसं म्हणायचं? त्यामुळे तुमचा शेवटचा प्रश्न थोडा बाजूला ठेवते आणि जे तातडीचं आहे तिथून सुरुवात करते.

मोठ्याने घोरणं आणि दिवसा बसल्याजागी डोळा लागणं, ही दोन लक्षणं एकत्र आली की स्लीप ॲप्नियाची शंका घ्यायलाच हवी. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, मानेभोवतीच्या चरबीचा दाब येतो, वाट बंद होते आणि श्वास काही सेकंद थांबतो. रक्तातला प्राणवायू कमी होतो, मेंदू शरीराला दचकवून जागं करतो, श्वास पुन्हा सुरू होतो. हे रात्रीतून कितीतरी वेळा घडतं आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. एवढंच जाणवतं की रात्रभर झोपूनही अंग जड आहे. त्यातून रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, रक्तातली साखर बिघडते. शिवाय झोप मोडली की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचं कळवणारं कमी होतं. म्हणजे वजनाने झोप बिघडते आणि बिघडलेली झोप पुन्हा वजन वाढवते. बायकांमध्ये हे बराच काळ ओळखलं जात नाही. थकवा आहे तो घर आणि नोकरीचा, असं घरचे आणि कधीकधी डॉक्टरही धरून चालतात.

तुम्ही आज रात्रीच एक काम करू शकता. पत्नी झोपल्यावर थोडा वेळ जागे राहा. घोरणं मध्येच थांबतं का, आणि मग धाप लागल्यासारखा श्वास घेऊन पुन्हा सुरू होतं का, ते ऐका. तसं असेल तर छातीविकारतज्ज्ञांना किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना हेच वर्णन सांगा. झोपेची तपासणी हल्ली घरी यंत्र नेऊनही होते. निदान झालं तर रात्री मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र वापरता येतं, त्यासाठी आधी वजन उतरण्याची वाट बघत बसायची गरज नसते.

दुसरी गोष्ट पाळीची. चाळिशीत ती मागेपुढे होते, हे खरं. पण शरीरातली जास्तीची चरबी नुसती साठून राहत नाही, ती इस्ट्रोजेनही तयार करते, आणि त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होऊ शकतं. लठ्ठपणाशी ज्यांचा संबंध भक्कम पुराव्याने जोडला गेला आहे अशा १३ प्रकारच्या कर्करोगांची यादी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली दिली. त्यात गर्भाशयाच्या अस्तराचा, मोठ्या आतड्याचा आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनांचा कर्करोग आहे. बहुतेक वेळा अनियमित पाळीचं कारण साधंच निघतं, म्हणून घाबरवायचं नाही. पण स्त्रीरोगतज्ज्ञांकडे एक फेरी आणि सोनोग्राफी टाळू नका. थायरॉइडही तपासून घ्या, मात्र सगळं त्याच्यावर ढकलू नका. थायरॉइड मंदावल्याने सहसा थोडेच किलो वाढतात, सत्तावीस नाही. आणि पत्नी स्टेरॉइड, मानसोपचाराची किंवा फिट्सची औषधं घेत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. यातल्या काही औषधांनी वजन चांगलंच वाढतं. डॉक्टरांना न विचारता ती बंद मात्र करायची नाहीत.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, की दोघं एकच अन्न खातो.

एक ताट दोन शरीरांत एकसारखं जिरत नाही. तुम्ही पाच इंचांनी उंच आहात, पुरुष म्हणून तुमच्या अंगात स्नायू जास्त आहेत, आणि स्नायू नुसते बसले असतानाही ऊर्जा खर्च करतात. तुम्हाला पुरतात तेवढ्याच पोळ्या त्यांना जास्त होतात. त्यावर अनुवंश आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं, की माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकाचा साधारण ४० ते ७० टक्के भाग जनुकांशी जोडलेला असतो. १९९४ साली लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला तेव्हा कळलं, की चरबीच्या पेशी मेंदूला सतत निरोप पाठवत असतात आणि भूक त्यावरून ठरते. भूक कुणाला किती लागावी, हे स्वभावावर अवलंबून नाही. त्यात बाळंतपण आणि आता पाळी जाण्याच्या आधीचा काळ, ज्यात मांड्यांवरची चरबी पोटाकडे सरकू लागते.

शिवाय अन्न एक असलं तरी दिवस एक नसतो. तुमच्या पत्रात त्यांचं वजन आहे, उंची आहे, रिपोर्ट आहे, पण त्यांचा दिवस नाही. त्या किती वाजता उठतात? डबे कोण भरतं? कासारवडवलीहून ठाणे स्टेशनपर्यंत घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ जातो, आणि पुढे वाशीची गाडी पकडण्याच्या घाईत नाश्ता होतो की राहतो? दुपारी चारला ऑफिसात काय येतं, खारी, बिस्किटं, कुणाच्या वाढदिवसाचा केक, समोसे? रात्री सगळ्यांना वाढून झाल्यावर त्या किती वाजता जेवतात, आणि टाकवत नाही म्हणून पातेल्यातलं उरलेलं कोण संपवतं? या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला तोंडपाठ नसतील तर ‘एकच खातो’ हे निम्मंच निरीक्षण आहे. पाकिटातल्या पदार्थांबद्दल अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. माणसं तीच, दोन आठवडे कारखान्यात प्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं, दोन्हीकडे हवं तेवढं खायची मुभा. पाकिटबंद अन्नाच्या काळात तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. निश्चय दोन आठवड्यांत बदलला नव्हता, समोरचं अन्न बदललं होतं. वर्षाला दीड-दोन किलो वाढायला तर एवढंही लागत नाही. रोजचा फरक हिशेबात येणार नाही इतका लहान असतो, आणि तो पंधरा-सोळा वर्षं चालू राहतो.

उतरलेलं वजन परत का चढलं, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण याच्यामुळे माणसं स्वतःलाच दोष देत बसतात. वजन झपाट्याने उतरलं की शरीराला ते दुष्काळासारखं वाटतं. ते ऊर्जेचा खर्च कमी करतं आणि भूक वाढवतं. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या चौदा जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हाही त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. बहुतेकांचं वजन परत वाढलं होतं. तुमच्या पत्नीचं शरीरही असंच वागलं. चुकलं असेल तर तीन महिन्यांनी संपणारा प्लॅन चुकला. तो संपल्यावर काय करायचं, हे त्यात कुठेच नव्हतं.

आता थोडं तुमच्याबद्दल. तुम्ही विचारलं नाही, तरी सांगणं भाग आहे. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २४च्या जवळ येतो. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी भारतीयांसाठी २३च्या पुढे जास्त वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा, अशी रेषा आखली आहे, कारण आपल्याला मधुमेह आणि हृदयविकार युरोपीय माणसापेक्षा कमी वजनावर गाठतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आत हवा, बायकांत ८०. तुमची ३८ची पँट म्हणजे सुमारे ९६, आणि पोट सुटलेली माणसं पँट पोटाखाली घालतात, म्हणजे खरा घेर त्याहून जास्त असेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बारीक दिसणाऱ्या पण आतून चरबी साठवणाऱ्या भारतीय शरीरावर अनेक वर्षं काम केलं आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. काट्यावर दोघं सारखे, आतून एवढा फरक. ही चरबी पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात बसते, आणि सगळ्यात जास्त त्रास तीच देते. वडिलांचा मधुमेह आणि ५८व्या वर्षीची बायपास लक्षात घेतली तर तुमच्या उपाशीपोटी साखरेची, एचबीए१सीची, कोलेस्टेरॉलची आणि रक्तदाबाची तपासणी याच महिन्यात व्हायला हवी. फॅटी लिव्हरसाठी पोटाची सोनोग्राफीही करून घ्या. कदाचित घरात दोन रुग्ण आहेत, आणि टोमणे मात्र एकालाच बसतायत.

तुमच्या पत्नीच्या बाबतीत धोका नाही, असं मी अजिबात म्हणत नाही. बीएमआय ३२च्या आसपास आहे, आणि एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा टप्पा. इथून मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात, यकृत खराब होणं, पित्ताशयात खडे, गुडघ्यांची झीज असा रस्ता जातो. पण या उंबरठ्यावरून परत फिरता येतं, आणि त्यासाठी लग्नातल्या ५२ किलोंची गरज नाही. ते फोटो कपाटात ठेवून द्या. सुरुवातीच्या वजनाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे त्यांच्यासाठी चार ते आठ किलो उतरले, तरी साखर, रक्तदाब आणि यकृत यांत फरक दिसतो. गुडघ्यांच्या एका अभ्यासात एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो, असं आढळलं. आणि चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांवर केलेला, २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर मला फार धीर देणारा वाटतो. ज्यांनी चालणं वाढवलं आणि आहार सुधारला त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे अडीच वर्षांत २८ टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यांचं वजन मात्र फारसं उतरलं नव्हतं. काटा हलला नाही म्हणून रडू येतं, त्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग करायचं काय? जिमचं पॅकेज भरू नका, निदान आता तरी नाही. त्यांच्याकडे पैसे नाहीत असं तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. वेळ मात्र नसावा, असं वाटतं. त्यांना सकाळचा पाऊण तास मोकळा करून द्या. म्हणजे डबे तुम्ही भरायचे, दूध-पाणी तुम्ही बघायचं, मुलीला तुम्ही उठवायचं. रोज जमलं नाही तर आठवड्यातून चार दिवस. त्या वेळात त्या चालतील, योगासनं करतील की नुसत्या झोपतील, हे त्यांनी ठरवायचं. झोप अपुरी असेल तर पहिला महिना झोपेचाच असू दे. सोसायटीच्या आवारात चालता येतं, रविवारी दोघांनी उपवन तलावाला फेऱ्या मारता येतात. गुडघे दुखत असताना येऊरचा चढ नको. आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. स्नायूंच्या व्यायामाला खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं इतकंही सुरुवातीला पुरतं. फिजिओथेरपिस्टकडून गुडघ्यांसाठीचे व्यायाम एकदा शिकून घेतले तर उत्तम.

स्वयंपाकघरात वेगळं ‘डाएटचं’ शिजवू नका. जे होईल ते सगळ्यांसाठी. वरण-भात, भाकरी, पोळी यांतलं काही विष नाही. आपल्या ताटात भात-पोळीचा भाग मोठा आणि डाळ-उसळीचा लहान असतो, तो उलटा करायचा: एक वाटीऐवजी दोन वाट्या उसळ किंवा घट्ट वरण, दही, अंडं किंवा मासळी खात असाल तर ती, भरपूर भाजी, कोशिंबीर, आणि मग पोळी. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. तेल महिन्याला माणशी अर्धा लिटर धरून आणा आणि तेवढ्यातच भागवा. डोळ्यांनी ओतायचं सोडून चमच्याने मोजलं की पहिल्याच महिन्यात अंदाज येतो. फरसाण आणि बिस्किटांचे डबे घरात भरूच नका, म्हणजे रोज रात्री कुणाला निग्रह करावा लागणार नाही. वडापाव महिन्यातून एकदा बाहेर जाऊन आनंदाने खा. संकष्टी-एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वेफर्स आणि तळलेले वडे खाऊन उपास होत असेल तर त्यापेक्षा रोजचं जेवण बरं. चहातली साखर हळूहळू कमी करा, दोघांच्याही. आणि रात्रीचं जेवण त्या घरी येण्याची वाट बघत दहावर जात असेल, तर कुकर लावणं, भाजी चिरणं तुमच्या वाट्याला घ्या. नऊच्या आत सगळे एकत्र जेवलात तर खूप काही साधलं.

इंजेक्शनबद्दल मित्राने सांगितलं ते अगदीच चूक नाही. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही औषधं आपल्याकडे मिळतात, आतड्यातल्या संप्रेरकांसारखं काम करतात, भूक खरोखर कमी करतात. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने सव्वा वर्षात सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. बीएमआय ३२, साखर उंबरठ्यावर आणि स्लीप ॲप्नियाची शंका असलेल्या व्यक्तीने डॉक्टरांशी हा विषय जरूर बोलावा, त्यात कमीपणा नाही. पण मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते, पित्ताचे खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, आणि प्रथिनं-व्यायाम नसेल तर चरबीबरोबर स्नायूही जातात. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल तर ही औषधं देत नाहीत, गरोदरपणातही नाही. बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत चढल्याचं दिसलं आहे, म्हणजे खर्च आणि उपचार लांबचे धरून चालायचं. तुमच्या वाक्यात मला खटकलं ते ‘सुरू करू?’ हे. ते तुम्ही सुरू करायचं नाही. शरीर त्यांचं आहे, तर एंडोक्रिनोलॉजिस्टसमोर, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञ डॉक्टरांसमोर, त्यांनी प्रश्न विचारायचे आणि त्यांनी ठरवायचं. कुणाच्या ओळखीने, चिठ्ठीशिवाय आणलेलं इंजेक्शन तर घरात येऊच देऊ नका.

आता बोलायचं कसं. त्या म्हणाल्या आहेत की या विषयावर बोलू नकोस, तर ते पाळा. त्यांच्या वजनावर एक अक्षर नको. फोटोंबद्दल मात्र माफी मागा, एकदाच, स्पष्टीकरण न देता. मग तुमच्या वडिलांच्या बायपासचा विषय काढा: ‘मला माझी तपासणी करून घ्यायचीय, भीती वाटतेय, माझ्याबरोबर येशील का? आणि रात्री तुझा श्वास अडकतो असं मला वाटतं, त्याचीही मला काळजी वाटते. तुला योग्य वाटेल तेव्हा दाखवू.’ एवढं पुरे. त्या लगेच हो म्हणणार नाहीत, कदाचित चिडतील. तरी तुमची तपासणी तुम्ही करून या आणि रिपोर्ट टेबलावर उघडा ठेवा. पुढच्या लग्नकार्यात एखाद्या मावशी-काकूंनी ‘अंग किती सुटलंय गं’ म्हटलं की त्यांना तिथेच, हसतमुखाने पण ठामपणे थांबवणं हे काम तुमचं आहे.

राहिली मुलगी. तिच्याबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, आणि त्या चांगली बातमी म्हणून लिहिल्यात. मला मात्र त्या वाचून काळजी वाटली. बारा वर्षांची वाढती मुलगी रात्री पोळी नको म्हणते, कारण आईच्या शरीरावर घरात काय काय बोललं जातं ते तिने ऐकलंय. लहान वयात वजनावरून चिडवलं गेलेल्या मुलांचं वजन पुढे कमी होतं असं नाही. त्यांच्यात जेवण टाळणं, मग एकदम भरमसाट खाणं, स्वतःच्या शरीराची लाज वाटणं, हे वाढतं. तिच्या ताटावर काही बोलू नका, ‘शहाणी झाली’ म्हणून कौतुकही नको. रात्री एकत्र जेवा, टीव्ही बंद ठेवा, शाळेबद्दल बोला, तिला खेळायला पाठवा. पुढच्या महिन्याभरात ती जेवण टाळतच राहिली, डबा तसाच परत आणू लागली, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊ लागली, वजन उतरलं किंवा सुरू झालेली पाळी थांबली, तर थांबू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांच्याकडून समुपदेशकांचं नाव घ्या. तिला घेऊन जाताना आईबरोबर तुम्हीही जा, आणि घरात आतापर्यंत काय बोललं गेलं ते डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगा.